सरकारी शाळेसाठी एआयचा नियम, एका पानात

जानेवारीत लोकमान्य नगरात हळदीकुंकवाला गेले होते. तिळगूळ हातात पडायच्या आधीच तिघींनी घेरलं. दोघी सरकारी शाळेत शिकवतात, तिसरीचा मुलगा आठवीत आहे. प्रश्न एकच: “ताई, शाळेत ते एआय वापरायचं की नाही? सरकारचं नक्की म्हणणं काय आहे?” मी इंदूरच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते, सहावी ते दहावी. आमच्या शाळेत यावर एक पान लिहिलं गेलंय, आणि ते कुणीतरी कुणाला तरी सांगितलं होतं. पान मी लिहिलं, कारण चूकही मीच केली होती. आधी चूक सांगते.

सप्टेंबरातली गोष्ट. शाळांच्या संकुल कार्यालयातून फोन आला की शिष्यवृत्ती अडकलेल्या मुलांची यादी चार वाजेपर्यंत पाहिजे. याद्या दोन होत्या, एक आमच्या रजिस्टरमधली, एक पोर्टलवरून उतरवलेली, आणि दोन्हींत नावं वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली. मुलं अठ्ठावन्न. साडेतीन वाजून गेले होते. मी दोन्ही याद्या उचलल्या आणि एका चॅटबॉटमध्ये ओतल्या: नाव, वडिलांचं नाव, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), जात, बँकेचा खाते क्रमांक. म्हटलं, जुळवून दे. अर्ध्या मिनिटात जुळवून दिलं. यादी वेळेच्या आधी गेली, आणि मी खुशीत घरी जाताना कचोऱ्या घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा गाडी आली. गाडीवरच्या पोराने आमच्या सुक्याच्या डब्यातून घड्याळाचा एक सेल उचलला आणि माझ्या हातात परत दिला. “मैडम, ये इसमें नहीं जाता.” गाडी गाणं वाजवत पुढे गेली, मी सेल घेऊन फाटकात उभी. एवढ्याशा सेलसाठी हे शहर माणसाला थांबवतं, आणि काल अठ्ठावन्न घरांचे खाते क्रमांक मी कुठल्या डब्यात टाकून आले ते मला सांगता येईना.

शाळेत जाऊन तो संवाद डिलीट केला. सेटिंगमध्ये ‘माझे संवाद मॉडेल सुधारायला वापरा’ अशी एक परवानगी आधीपासून चालू असते, ती बंद केली. (तुम्हीही आत्ताच बंद करा, पुढचं नंतर वाचा.) मग प्राचार्यांना सांगितलं. ते मिनिटभर गप्प बसले आणि म्हणाले, “नियम तो कोई है नहीं अपने यहाँ. आप ही लिख डालिए.” सरकारी कचेरीत तक्रार घेऊन जाणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, तसं झालं.

आधी चिठ्ठ्या

पान लिहायला लगेच बसू नका. शाळेत आज काय चालू आहे ते आधी कळू द्या. मी आठवी ते दहावीच्या मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या: एआय कशाला वापरलं, कुणाच्या फोनवर, काय विचारलं. शिक्षकांना चहाच्या वेळी विचारलं, कारण चिठ्ठीवर शिक्षक खरं लिहीत नाहीत.

मला वाटत होतं, आमच्या मुलांकडे कुठलं आलंय हे सगळं. पण व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआयचा तो निळा गोल येऊन बसलाय, त्यामुळे मोठ्या भावाचा फोन रात्री हाती लागला की काम होतं. बहुतेकांनी विज्ञानाचं प्रोजेक्ट तिथून उतरवलं होतं. एका चिठ्ठीत होतं, “मम्मी को डॉक्टर की पर्ची पढ़कर सुनाई.” दुसऱ्या एकीत घरातल्या भांडणाबद्दल यंत्राला विचारलेलं होतं. ती मी जपून ठेवली आहे. शिक्षकांमध्ये पाठ योजना तर सगळेच करून घेत होते, आणि एकीने अख्ख्या वर्गाचा फोटो कार्टून बनवायला टाकला होता.

म्हणजे ‘वापरायचं की नाही’ हा प्रश्न उरलाच नव्हता. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात बंदी मागे घेतली. त्यांचं नेटवर्क, त्यांची यंत्रणा, तरी चार महिने टिकलं. आमच्याकडे तर फोन पोरांच्या भावाच्या खिशात.

सरकारचं म्हणणं

कागद बरेच आहेत. पण वाचत गेलं की दिसतं, त्यातले बहुतेक ‘एआय शिकवा’ असं सांगतात. शिक्षकाने आणि मुलाने ते वापरावं कसं, यावर वर्गापर्यंत पोचेल असं फार थोडं आहे. म्हणून पानाची गरज.

शिकवण्याबद्दलचं थोडक्यात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एआय हा काळाबरोबरचा विषय म्हणून आलाय. सीबीएसईने त्याआधीच, २०१९-२० पासून, नववीला तो ऐच्छिक कौशल्य विषय म्हणून दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की २०२६-२७ पासून तिसरीपासून पुढे एआय आणि संगणकीय विचार शिकवायचा, आणि त्याच्या अभ्यासक्रमासाठी सीबीएसईने आयआयटी मद्रासच्या प्रा. कार्तिक रमण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कौशल्य विकास मंत्रालयाचा ‘सोअर’ नावाचा कार्यक्रम जुलै २०२५ चा: सहावी ते बारावीसाठी पंधरा-पंधरा तासांचे तीन भाग, शिक्षकांसाठी पंचेचाळीस तासांचा एक. आम्ही भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाचे, त्यामुळे सीबीएसईचं परिपत्रक आम्हाला थेट लागू नाही. पण आमच्या मुलांच्या दप्तरात एनसीईआरटीची पुस्तकं आहेत. तिथे पाणी आलं की आमच्या नळाला यायचंच.

केरळ मात्र आधी हलला. तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये ऐंशी हजार शिक्षकांचं एआय प्रशिक्षण हाती घेतलं आणि त्याच वर्षी सातवीच्या संगणकाच्या पुस्तकात एआय आणलं. आधी मास्तर, मग मुलं. हा क्रम मला पटतो.

वापराबद्दल पानात घालण्यासारख्या गोष्टी तीनच सापडल्या. पहिली, केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की कार्यालयाच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक अशी साधनं वापरू नका, सरकारी माहितीची गुप्तता धोक्यात येते. तो आदेश आमच्यासाठी नाही, पण आमच्या बाबूंना माझं म्हणणं पटवायला तोच कामी आला. मी तासभर समजावलं ते त्यांना पटलं नाही, मंत्रालयाचा कागद म्हटल्यावर एका वाक्यात पटलं.

दुसरी, डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल. मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळलेली संमती पाहिजे, मुलाच्या वागण्यावर पाळत नको, त्याला हेरून जाहिराती नकोत. मुलांबाबतचं कर्तव्य मोडलं तर दंड दोनशे कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. शाळांना शिक्षणापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती संमतीतून आणि पाळतीच्या मनाईतून सूट आहे. ही सूट वाचून आमचे एक सर म्हणाले, मग झालं की! नाही झालं. सूट शाळेला आहे. तुमच्या फोनमधल्या ॲपच्या कंपनीला ती आपोआप मिळत नाही.

तिसरी, वय. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवलंय की तेरा वर्षांखालच्या मुलांनी अशा यंत्राशी स्वतंत्रपणे बोलू नये. चॅटजीपीटीच्या अटीही हेच सांगतात: तेराच्या खाली नाही, अठराच्या खाली पालकांच्या परवानगीने. म्हणजे आमची सहावी-सातवी बाहेर. आठवीच्या वर्गात एका बाकावर तेराचा बसतो, शेजारी बाराचा. म्हणून आम्ही रेघ नववीवर ओढली.

ओला, सुका, घातक

आता पानाचा गाभा. सेल माझ्या टेबलावर होताच, त्यामुळे वर्गवारी शोधायला लांब जावं लागलं नाही. इंदुरातलं पोर बोलायला लागतं तेव्हापासून ओला-सुका ओळखतं. आमच्या स्टाफरूममध्ये ‘डेटा प्रायव्हसी’ म्हटल्यावर जांभया आल्या, ‘घातक कचरा’ म्हटल्यावर सगळे सरसावून बसले.

ओल्यात ते, जे आधीच सगळ्यांचं आहे: पुस्तकातला धडा, अभ्यासक्रम, तुमची स्वतःची शंका, ‘अपूर्णांकांची बेरीज समजावायला चार वेगळी उदाहरणं दे’. हे बिनधास्त टाका.

सुक्यात ते, जे धुऊन पुसून टाकता येतं. मुलाने लिहिलेला निबंध असेल तर नाव, शाळा, मोहल्ला, आईवडिलांचा धंदा काढून टाका, मग विचारा की या लिखाणात कुठल्या चुका पुन्हा पुन्हा होतायत. पण जपून, निबंध पोरांच्या आयुष्यातूनच येतात. ‘मेरे पिताजी’ या निबंधातून वडील काढले तर काही उरत नाही. असा निबंध स्वतःच तपासा.

घातकात ते, जे कधीच टाकायचं नाही. मुलाच्या नावाला चिकटलेलं काहीही: समग्र, आधार, अपार (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), जात, खाते क्रमांक, गुण, आजार, हजेरी, फोटो, आवाज. पालकांची तक्रार. कार्यालयाचा पत्रव्यवहार. आणि न झालेला पेपर, ही आमच्या परीक्षा प्रभारींची भर.

मग याद्या जुळवायच्या कशा? ही युक्ती सगळ्यात जास्त शिक्षकांच्या उपयोगी पडली, म्हणून सविस्तर सांगते. यंत्राला यादी देऊ नका, रीत विचारा. ‘एक्सेलमध्ये पहिल्या पानावर ए स्तंभात आयडी आहे, दुसऱ्या पानावर सी स्तंभात. जे पहिल्यात आहेत पण दुसऱ्यात नाहीत ते दाखवणारं सूत्र दे.’ ते सूत्र देतं, तुम्ही ते आपल्या संगणकावर लावता, मुलांची माहिती खोलीबाहेर जात नाही. नमुना दाखवायचाच असेल तर ‘मुलगा १, मुलगा २’ अशा खोट्या ओळी करून दाखवा. पुढच्या महिन्यात अशीच यादी मी या रीतीने वीस मिनिटांत केली. अर्ध्या मिनिटात नाही झाली, हे खरं.

गृहपाठावर एक शब्द

मुलांसाठीचा नियम लांबलचक लिहिला की कुणी वाचत नाही. आम्ही प्रत्येक गृहपाठापुढे फळ्यावर एक शब्द लिहितो. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून शब्द हिंदी: खुद, साथ, खुला.

‘खुद’ म्हणजे यंत्राला हात नाही. पाढे, समीकरणं, पहिला मसुदा, नकाशा. सहावी ते आठवीला सगळा गृहपाठ खुद. ‘साथ’ म्हणजे शाळेत, शिक्षकासमोर विचारलं तर चालेल, पण काय विचारलं ते वहीच्या शेवटी लिहायचं आणि उत्तरातलं काय बदललं तेही. ‘खुला’ म्हणजे मोकळीक. पण खुला हा शब्द फक्त शाळेच्या लॅबमधल्या तासाला लावायचा, घरच्या अभ्यासाला कधीच नाही. आमच्या दहावीत अशी मुलं आहेत ज्यांच्या घरी एक फोन, तोही वडिलांबरोबर सकाळी साइटवर जातो. घरी ‘खुला’ दिला की ज्याच्याकडे रिचार्ज आहे तोच पुढे जातो. लॅबमध्ये अकरा संगणक आहेत, सात चालतात. एका पडद्यापुढे चौघं. गर्दी होते, पण चौघं भांडून प्रश्न लिहितात तेव्हा प्रश्न चांगला होतो, हे मला अपेक्षित नव्हतं.

‘साथ’चा गृहपाठ असा द्या की यंत्राला एकट्याने करता येऊ नये. नववीला मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक (म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) शिकवताना मी सांगितलं, आपल्या गल्लीतल्या पाच दुकानांतून लौंग सेंवेचा किलोचा भाव विचारून आणा. पोरं भाव घेऊन आली, भांडणं घेऊन आली (“वो सेंव नहीं है मैडम, वो तो बेसन है”), आणि एका महागड्या दुकानाने सरासरी कशी वर ओढली आणि मध्यक कसा जागचा हलला नाही, हे समजावायला मला फळ्याला हात लावावा लागला नाही. आलेख यंत्राने काढून दिला. काढू दे.

ज्याने लपून उतरवलंय त्याला पकडायचं कसं, हे सगळे विचारतात. डिटेक्टर नावाच्या ॲपच्या नादी लागू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये मागे घेतला, कारण तो पुरेसा बरोबर ओळखत नव्हता. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध दिले. माणसांनीच लिहिलेले ते निबंध, आणि सरासरी ६१ टक्के वेळा शेरा आला की हे यंत्राचं लिखाण. साधे शब्द, छोटी वाक्यं, म्हणजे संशयित! आमची मुलं इंग्रजी कसं लिहितात ते आठवा. म्हणून पानात स्पष्ट लिहिलंय: डिटेक्टरच्या निकालावरून कुणालाही शिक्षा नाही. शंका आली तर मुलाला फळ्यापाशी बोलवा, दोन मिनिटं विचारा. आपलं असेल तर अडखळत का होईना, सांगतो. नसेल तर दुसऱ्याच वाक्याला हसतो.

बहू थीं

शिक्षकांनी केलेलंही तपासावं लागतं. २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, तेव्हा आमच्या एका सरांनी सातवीसाठी यंत्राकडून उतारा लिहून घेतला. भाषा सुरेख. त्यात लिहिलं होतं की अहिल्याबाई या मल्हाररावांची कन्या, आणि त्यांनी इंदूरच्या राजवाड्यातून राज्य चालवलं. सरांनी न वाचता झेरॉक्स काढल्या. तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली: “सर, बेटी नहीं, बहू थीं. और राजधानी तो महेश्वर थी.” राजवाड्यापासून चार किलोमीटरवरच्या शाळेत हे झालं. सर नंतर म्हणाले, बरं झालं अहिल्याबाईंबद्दल झालं. मिझोरामबद्दल असतं तर वर्गातल्या कुणालाच कळलं नसतं.

तेव्हापासूनची आमची रीत: यंत्राने केलेला कुठलाही कागद वर्गात जाण्याआधी त्यातलं प्रत्येक नाव, साल आणि आकडा पुस्तकाशी ताडून पेन्सिलने टिक करायचा. गणितात प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवायचं. मी पूर्णांक उत्तरं येणारी दहा समीकरणं मागितली होती, दोनांची उत्तरं अपूर्णांकात निघाली. आणि गुण माणूसच देणार. यावर स्टाफरूममध्ये वाद झाला, कारण एका वर्गात साठ वह्या असतात आणि हात दुखतात. माझं मत बदललं नाही. पोराला नापास करायचं तर करणाऱ्याचं नाव पोराला माहीत असावं.

संगणक नसतानाही

लॅब नाही म्हणून एआय शिकवता येत नाही असं कुणी म्हणालं तर हा खेळ घ्या. फळ्यावर लिहा: ‘सुबह उठकर हम ___ खाते हैं.’ प्रत्येकाने चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा. आमच्या सहावीत पोहे आणि पोहे-जिलेबीचा पाऊस पडला, पराठे दोन-चार, चहा-टोस्ट एक. अलिराजपूरहून आलेल्या एका मुलीने लिहिलं, मक्याची रोटी. मग विचारलं, आता मी यंत्र आहे, मला फक्त या चिठ्ठ्या माहीत आहेत, रिकाम्या जागी मी काय भरू? वर्ग ओरडला, पोहे! बरोबर. यंत्र पुढचा शब्द असाच ठरवतं, जो जास्त वेळा दिसला तो. मग त्या मुलीकडे वळून विचारलं, तुझ्या घरचं काय झालं? ती म्हणाली, “वो तो आया ही नहीं.”

पक्षपात म्हणजे काय, हे सांगायला मी वेगळा तास ठेवला होता. लागला नाही. फक्त खेळ संपल्यावर ती मुलगी एकटी पडणार नाही एवढं बघा. मी तिला मक्याच्या रोटीची कृती सांगायला लावली. अर्ध्या वर्गाला पान्या (पानांत भाजलेली मक्याची रोटी) म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

पालकांची बैठक

शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. बहुतेक वेळा ही समिती सह्यांपुरती भेटते. हे पान तिच्यापुढे ठेवा, सही घ्या, कार्यवृत्तात नोंद करा. उद्या कुणी विचारलं की हे कुणी ठरवलं, तर ‘मैडम ने’ हे उत्तर पुरत नाही.

पालकांना वाचून दाखवा, वाटू नका. अलिराजपूरच्या त्या मुलीच्या आईला हिंदी थोडी कळते, भिली नीट. आदिवासी कार्य मंत्रालयाचं ‘आदि वाणी’ हे ॲप सप्टेंबर २०२५ मध्ये आलं, त्यात भिली आहे. मी आमची चार वाक्यं त्यातून काढली आणि मध्यान्ह भोजनाच्या ताईंना ऐकवली, त्या धारकडच्या. त्या हसल्या आणि त्यांनी दोन वाक्यं सरळ बदलून दिली. म्हटल्या, समजेल, पण असं कुणी बोलत नाही. बैठकीत मग त्याच बोलल्या. त्या आईने एकच प्रश्न विचारला: मुलीचा फोटो कुठे जाणार नाही ना? मी नाही म्हटलं, आणि म्हणूनच वार्षिकोत्सवाच्या फोटोंचा नियम पानात वाढला.

सूट घालून टॅबलेट दाखवायला येणारे लोकही येतील. आमच्याकडे एक जण आला, म्हणाला, कॅमेरा लावा, कुठल्या मुलाचं लक्ष नाही ते यंत्र सांगेल, पहिलं वर्ष फुकट. अशांना चार प्रश्न लेखी द्या आणि उत्तर लेखी मागा: मुलांची माहिती कुठे साठवता, ती मॉडेल शिकवायला वापरता का, आम्ही सोडलं तर ती कशी पुसता, दुसऱ्या वर्षाचे पैसे किती. चेहऱ्यावरून भावना ओळखणारी यंत्रणा युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून शाळांत बेकायदा ठरवली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मैडम, ये यूरोप थोड़ी है.” प्रश्नांचा कागद घेऊन गेला, परत आला नाही.

पान

आमचं पान हिंदीत आहे. मराठीत साधारण असं होईल. उचला, पण तुमच्या शाळेचं करून घ्या.

१. मुलाच्या नावाला जोडलेली कुठलीही माहिती, फोटो किंवा आवाज एआयला द्यायचा नाही. कार्यालयीन कागद आणि न झालेला पेपरही नाही.
२. सहावी ते आठवीची मुलं एआय स्वतः वापरणार नाहीत. शिक्षक पडद्यावर दाखवू शकतात.
३. नववी-दहावी पालकांच्या लेखी परवानगीने, शाळेत, शिक्षकासमोर, शाळेच्या खात्यावरून.
४. प्रत्येक गृहपाठावर खुद किंवा साथ लिहिलेलं असेल. काही लिहिलं नसेल तर खुद. खुला फक्त लॅबमध्ये.
५. एआयने केलेला कागद शिक्षकाने ताडून सही केल्याशिवाय वर्गात जाणार नाही. गुण शिक्षकच देतील.
६. डिटेक्टरवरून शिक्षा नाही.
७. चूक झाली तर त्याच दिवशी एआयसाठी नेमलेल्या प्रभारींना सांगायचं. सांगणाऱ्यावर कारवाई नाही.
८. विभागाचा आदेश आला तर तो या पानाच्या वर.

सातवा नियम मी हट्टाने घातला. तो नसेल तर पहिला मोडल्याचं कुणी कबूलच करणार नाही. मीही केलं नसतं.

प्रभारी एकच ठेवा, समिती नको. एक शंभर पानी रजिस्टर करा: तारीख, कुणी, कशासाठी वापरलं, काय चुकलं. आमच्यात आतापर्यंत एकोणीस नोंदी आहेत, सात माझ्याच. सत्र एप्रिलला सुरू होतं, तेव्हा एकदा आणि छमाहीनंतर एकदा पान उघडून बघा. आठव्या नियमापायी पुढच्या सत्रात ते बदलावं लागेल असं दिसतंय, तिसरीपासूनचा अभ्यासक्रम आला तर आमच्या परिसरातली प्राथमिक शाळाही त्यात घ्यावी लागेल.

आणि लॅमिनेशन करू नका. आम्ही केलं होतं. फोटोंचा नियम आठवड्याने सुचला आणि साठ रुपये गेले. आता पान मध्यान्ह भोजनाच्या फळ्याशेजारी चार टाचण्यांवर आहे.